रजेच्या अर्जापासून कांचनजुंगापर्यंत

रावेतच्या बंधाऱ्यावर पिंपरी-चिंचवड महापालिका जे पाणी उचलते ते पवना धरणातून नदीच्या पात्रानेच खाली येते. धरणाच्या आसपास तुंग, तिकोना, लोहगड आणि विसापूर उभे आहेत. पवन मावळ म्हणतात तो हा मुलूख. रावेतच्या आपल्या गिर्यारोहण गटातल्या बहुतेकांचे पहिले बूट याच चार किल्ल्यांवर झिजले. गटाच्या या स्मरणिकेत ‘संस्थेचा इतिहास’ या सदराखाली काय छापायचे, यावर संपादक मंडळात बरीच चर्चा झाली. आपल्या गटाचा इतिहास लिहायचा तर तो दोन पानांत आटोपतो आणि त्यातलेही एक पान चहा-पोह्यांचे निघेल. तेव्हा ज्या संस्थेकडे बघत इथले अनेक जण दोराला बांधून घ्यायला शिकले, त्या पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चा इतिहास द्यावा, असे ठरले. लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

‘गिरिप्रेमी’ची स्थापना १९८२ची. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. रावेत तेव्हा तिच्या हद्दीत नव्हते; ते १९९७मध्ये आले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, पण दोन्ही एकाच काळाच्या आहेत आणि तो काळ गिर्यारोहणाच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. आकुर्डी, पिंपरी, भोसरीच्या कारखान्यांत आणि पुण्याच्या बँकांत, कचेऱ्यांत नियमित पगार घेणारी एक तरुण पिढी तयार झाली होती. तिच्याकडे थोडे पैसे होते, पगारी रजा होती आणि शनिवारी रात्री घराबाहेर पडायची हौस होती. डोंगर हा तोवर इतिहासाच्या अभ्यासकांचा, देवीच्या नवसाचा किंवा गुराख्याचा होता. या पिढीने तो सुट्टीचा केला.

एमआयडीसीतल्या मंडळींची मात्र इथेही अडचणच. विजेचा भार विभागायचा म्हणून इथली साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, आणि पुण्याचे सगळे गट निघणार शनिवारी रात्री. शनिवारची दुसरी पाळी संपवून लोणावळा लोकल गाठायची, रविवारची रजा टाकायची आणि सोमवारी पहिल्या पाळीला पुन्हा यंत्रावर उभे राहायचे, हे ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक. आपल्याकडच्या जुन्या गिर्यारोहकांना विचारा, कुठल्या सुळक्याची चढाई कोणत्या वर्षी झाली हे ते विसरलेले असतात; फोरमनने कोणती रजा नाकारली हे पक्के आठवते.

‘गिरिप्रेमी’च्या आधी महाराष्ट्रात काहीच नव्हते, असे मात्र नाही. मुंबईत ‘गिरिविहार’ १९५४पासून काम करत होती. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले, त्याच्या पुढच्याच वर्षी. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटही १९५४ची. मग मनालीची संस्था आली, १९६५मध्ये उत्तरकाशीची आली आणि मराठी मुले बर्फावरचे शिक्षण घ्यायला उत्तरेला जाऊ लागली. इकडे तळेगाव दाभाड्याला लेखक गो. नी. दांडेकर, म्हणजे गोनीदा, राहत होते. त्यांच्या लेखणीमुळे किती घरांतली मुले किल्ल्यांवर गेली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, आणि ठेवता येणारही नाही. किल्ल्याच्या ओढीने डोंगरात आलेला मुलगा एके दिवशी वाट सोडून कातळाकडे बघू लागतो. महाराष्ट्रातले गिर्यारोहण बहुतांशी याच मार्गाने आले. युरोपात आधी शिखर आले आणि मग दोर. आपल्याकडे आधी बुरूज आला.

पुण्यात संस्था सुरू झाली तेव्हा उषःप्रभा पागे यांचा पुढाकार होता. डोंगरात जाणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षपदी एक स्त्री असणे ही त्या काळी नेहमीची गोष्ट नव्हती. पुढे मोहिमांचे नेतृत्व करणारे उमेश झिरपे यांचे नाव संस्थेशी इतके जोडले गेले की बाहेरच्या अनेकांना दोघांत फरकच करता येत नाही. ते नैसर्गिक असले तरी संस्थेच्या इतिहासात ते जसेच्या तसे उतरवणे बरोबर होणार नाही. मोहीम नेत्याच्या नावाने ओळखली जाते, पण दोर धुणारे, साहित्याची नोंद ठेवणारे, देणगीसाठी दारोदार फिरणारे आणि शिखरावर कधीच न जाणारे असे कितीतरी सभासद असतात. संस्था म्हणजे मुख्यतः तेच.

पहिली वर्षे सह्याद्रीत गेली. इथल्या कातळाबद्दल चार ओळी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरांवर थर. मधूनमधून लाल, भुसभुशीत पट्टे, त्यावर वाढलेले गवत आणि त्या गवतात लपलेले सुटे दगड. ग्रॅनाइटवर पकड मिळाली की ती पकड असते. इथे पकड मिळाली की आधी ती ठोकून बघायची, आवाज पोकळ आला तर हात काढून घ्यायचा आणि मग दुसरी शोधायची. लोणावळ्याजवळची नागफणी, तैलबैलाच्या दोन भिंती, जीवधनशेजारचा खडा पारशी म्हणजे वानरलिंगी, रायगडासमोरचा लिंगाणा. या ठिकाणी आरोहण करणारा पुढचा माणूस जितका वर बघतो तितकाच खालच्यांचा विचार करतो, कारण त्याच्या पायाने सुटलेला दगड दोर धरून उभ्या असलेल्या सोबत्याच्या डोक्यावर जातो. सह्याद्रीत तयार झालेला गिर्यारोहक हिमालयात सावध असतो तो यामुळे. उलट बर्फाबाबत तो अगदी कोरा असतो. क्रॅम्पॉन बांधून चालणे, आइस अॅक्सने घसरण रोखणे, हिमभेगेत पडलेल्याला काढणे यांतले काहीही इथे शिकता येत नाही. त्यासाठी उत्तरकाशीला किंवा मनालीला बेसिक कोर्स करायचा, म्हणजे जवळजवळ महिनाभराची रजा काढायची. कंपनीत असा अर्ज दिला की पहिला प्रश्न येतो: लग्न ठरलेय का?

हिमालयातल्या सुरुवातीच्या मोहिमांपैकी एका शिखराची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. गंगोत्रीहून केदारगंगेच्या काठाने वर गेले की केदारताल लागते. थलय सागर आणि भृगुपंथ ही या भागातली नामांकित शिखरे. त्यांच्याच शेजारी मंदा नावाचा शिखरसमूह आहे. त्यातले मंदा-१ हे ६,५१० मीटरचे. आकड्यात ते फार मोठे वाटत नाही. एव्हरेस्टच्या वाटेवरचा दुसरा कॅम्पही साधारण याच उंचीवर लागतो. पण त्याची उत्तर धार तीव्र आहे. तिथे वाट दाखवणारे आयते दोर नसतात, वर्षाला शेकडो माणसे जात नाहीत, पुढे काय आहे हे सांगायला कोणी नसते. ‘गिरिप्रेमी’ने १९८९मध्ये तिथे प्रयत्न केला, शिखर हुकले. १९९१मध्ये पुन्हा गेले, पुन्हा हुकले.

बहुतेक संस्थांच्या स्मरणिकांत अशा मोहिमा ‘खराब हवामानामुळे’ या दोन शब्दांत संपतात. माझ्या मते तिथेच संस्थेची परीक्षा सुरू होते. व्यक्ती परतली की तिच्यापुरते प्रकरण मिटते: संसार, नोकरी, गुडघे. संस्था परतली आणि तिने नीट टिपण ठेवले, तर ते काम उधारीवर राहते. मंदाची उधारी फेडायला तीस वर्षे लागली. त्याकडे पुढे येतोच.

नव्वदच्या दशकात पुण्याकडे महाराष्ट्राचे लक्ष गेले ते सुरेंद्र चव्हाण यांच्यामुळे. १९९८च्या मे महिन्यात, हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेत ते तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर पोहोचले. एव्हरेस्ट चढणारे ते पहिले मराठी गिर्यारोहक. २००९मध्ये पुण्याच्याच कृष्णा पाटीलने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी एव्हरेस्ट गाठले. दोन्ही घटनांचा परिणाम एकच झाला. पुण्यातल्या प्रत्येक गिर्यारोहण संस्थेला लोक विचारू लागले, तुमचे एव्हरेस्ट कधी?

‘गिरिप्रेमी’चे उत्तर २०१२मध्ये आले. ही नागरी मोहीम होती, म्हणजे लष्कराची किंवा सरकारी खात्याची नव्हती. खर्च कोट्यवधींचा. तो लोकांकडून, कंपन्यांकडून, संस्थांकडून गोळा करायचा. नेपाळ सरकारचे परवाना शुल्क, शेर्पा, प्राणवायू, दोर, तंबू, अन्न, विमा, सगळ्याचे पैसे आधी भरावे लागतात. शिखर मिळेल की नाही हे कोणी लिहून देत नाही. देणगीदाराला हे समजावून सांगणे चढाईहून सोपे नसते. क्रिकेटच्या सामन्याला पैसे दिले तर निदान सामना बघायला मिळतो.

२०१२चा हंगामही विचित्र होता. हिवाळ्यात बर्फ कमी पडले होते, ल्होत्सेच्या उतारावर उघडा पडलेला खडक दिवसभर दगड फेकत होता. न्यूझीलंडच्या एका नामांकित व्यावसायिक आयोजकाने तर धोका बघून मेच्या सुरुवातीलाच आपली मोहीम गुंडाळली. शिखरापर्यंतचे दोर लागायला १८ मे उजाडली. हवामानाची खिडकी छोटी, वाट बघून कंटाळलेली माणसे शेकड्यांत. त्याच दिवसांत ल्होत्सेच्या उतारावर माणसांची काळी रांग दाखवणारे छायाचित्र जगभर छापून आले. १९ मे रोजी ‘गिरिप्रेमी’चे आठ गिर्यारोहक शिखरावर पोहोचले. आशिष माने, प्रसाद जोशी, रूपेश खोपडे ही त्यांतली काही नावे. नागरी संस्थेच्या एकाच मोहिमेतून एवढे आठ जण, ही देशात तेव्हा नवी गोष्ट होती. त्याच शनिवार-रविवारी, त्याच वाटेवर, गर्दी आणि उशीर यांच्या कचाट्यात सापडून वेगवेगळ्या देशांचे चार गिर्यारोहक दगावले. पुण्यात पेढे वाटले जात होते तेव्हा ही बातमीही वर्तमानपत्राच्या त्याच पानावर होती.

पिंपरी-चिंचवडला तो मे महिना आणखी एका कारणाने आठवतो. इथल्या ‘सागरमाथा गिर्यारोहण संस्थे’ची मंडळीही त्याच वर्षी एव्हरेस्टवर होती. त्यांच्यातले रमेश गुळवे यांना मोहिमेत पक्षाघाताचा झटका आला आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. या औद्योगिक पट्ट्यातून एव्हरेस्टचे स्वप्न बघणाऱ्यांपैकी ते पुढच्या फळीतले. ‘गिरिप्रेमी’च्या इतिहासात हा परिच्छेद कशाला, असे कोणी म्हणेल. पण ही स्मरणिका रावेतची आहे आणि रावेतकरांनी २०१२ म्हटल्यावर फक्त आठ जणांची बेरीज करावी, हे मला पटत नाही.

यानंतर ‘गिरिप्रेमी’ थांबेल असे अनेकांना वाटले होते. एव्हरेस्ट झाले की संस्थांच्या फलकावर तेच शब्द राहतात आणि पुढची दहा वर्षे व्याख्यानांत जातात. इथे तसे झाले नाही. जगात आठ हजार मीटरच्या वरची चौदा शिखरे आहेत. मराठीत त्यांना अष्टहजारी म्हणायची रूढी पडली ती बऱ्याच अंशी याच मंडळींमुळे. २०१३मध्ये ल्होत्से, २०१४मध्ये मकालू, मग चो ओयू, धौलागिरी, मनास्लू अशी एकेक शिखरे घेतली गेली. मकालूवर आशिष माने पोहोचले त्याच हंगामात, १८ एप्रिल २०१४ रोजी, एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात हिमकडा कोसळून सोळा नेपाळी कामगार आणि शेर्पा मारले गेले होते. पुढच्या वर्षी २५ एप्रिलला नेपाळचा भूकंप झाला. संस्था नेपाळमध्ये मदतीलाही गेली. जिथे वर्षानुवर्षे पाहुणा म्हणून गेलो तिथे संकटात जायलाच हवे, एवढा साधा हिशेब त्यामागे असावा.

शेर्पांबद्दल इथे स्पष्ट लिहितो. अष्टहजारी मोहिमांत कातळ-बर्फावर स्थिर दोर लावणे, तंबू वर नेणे, प्राणवायूच्या नळकांड्या पोहोचवणे, हे काम मुख्यतः शेर्पा करतात. मराठी वर्तमानपत्रांत शिखरावर पोहोचलेल्या पुणेकरांची नावे वयासह, शिक्षणासह, मूळ गावासह येतात. त्यांच्यासोबत त्याच क्षणी उभ्या असलेल्या शेर्पांचा उल्लेख ‘शेर्पांच्या मदतीने’ असा. झिरपे यांनी शेर्पांच्या आयुष्यावर स्वतंत्रपणे लिहिले, ही या पार्श्वभूमीवर मला महत्त्वाची गोष्ट वाटते. आपल्या गटाने तरी यापुढे मोहिमेच्या नोंदीत सगळ्यांची नावे लिहावीत.

आता कांचनजुंगा. ८,५८६ मीटर, जगातले तिसरे उंच शिखर, भारत आणि नेपाळच्या सीमेवर. भारताच्या बाजूने सिक्कीममधून चढायला बंदी आहे. सिक्कीमचे लोक त्याला दैवत मानतात. १९५५मध्ये जो ब्राउन आणि जॉर्ज बँड नेपाळच्या बाजूने पहिल्यांदा पोहोचले तेव्हा सिक्कीमच्या राजाला दिलेल्या शब्दाखातर त्यांनी शेवटचा माथा तुडवला नाही, काही पावले अलीकडेच थांबले. ती प्रथा पुढेही अनेकांनी पाळली. महाराष्ट्राचे या पर्वताशी जुने नाते आहे. १९८८मध्ये वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली ‘गिरिविहार’ची नागरी मोहीम इथे आली होती. आजच्या मानाने साहित्य जुजबी, हवामानाचा अंदाज जवळजवळ नाहीच, संपर्क पत्रांचा. शिखर हाती आले नाही आणि संजय बोरोले हा उमदा गिर्यारोहक त्या पर्वतावरच राहिला. मुंबईत आजही त्याच्या नावाने प्रस्तरारोहणाच्या स्पर्धा होतात. ‘गिरिविहार’नेच पुढे २०१६ आणि २०१७मध्ये नवी मुंबईत स्पोर्ट क्लाइंबिंगची विश्वचषक स्पर्धा भरवली, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो. हा खेळ टोकियोत ऑलिंपिकमध्ये पोहोचण्याच्या आधीची ही गोष्ट.

‘गिरिप्रेमी’ची २०१९ची कांचनजुंगा मोहीम ‘गिरिविहार’च्या त्या मोहिमेच्या एकतीस वर्षांनंतरची. १५ मे २०१९ रोजी संस्थेचे दहाच्या दहा गिर्यारोहक एकाच दिवशी माथ्यावर पोहोचले. या शिखरावरची ती सर्वांत मोठी भारतीय नागरी मोहीम ठरली. २०१२च्या एव्हरेस्ट मोहिमेतले आशिष माने, प्रसाद जोशी, रूपेश खोपडे इथेही होते, आणि डॉ. सुमित मांदळे, विवेक शिवदे यांच्यासारखे नव्या फळीतलेही. मला विशेष वाटतो तो हा मेळ. सात वर्षांत पहिली फळी निवृत्त झाली नव्हती आणि दुसरी फळी नुसती सामान वाहत नव्हती. कांचनजुंगाचा शेवटचा टप्पा लांबलचक असतो. शेवटच्या कॅम्पपासून माथ्यापर्यंत हजार मीटरहून अधिक चढ एका दमात चढायचा आणि तेवढाच उतरायचा. चढताना खर्चलेली ताकद उतरताना आठवते. त्याच दिवशी पश्चिम बंगालचे बिप्लब बैद्य आणि कुंतल कांरार हे गिर्यारोहक याच वाटेवर दगावले. दहा जण सुखरूप खाली आले या वाक्याचे वजन त्यामुळे समजते. मोहिमेने परतताना डोंगरावरचा कचराही खाली आणला. तसे आधीच ठरवून ती निघाली होती.

महामारीच्या दुसऱ्या लाटेत, १६ एप्रिल २०२१ रोजी भूषण हर्षे, सुमित मांदळे आणि जितेंद्र गवारे अन्नपूर्णा-१वर पोहोचले. हे संस्थेचे आठवे अष्टहजारी. त्याच दिवशी साताऱ्याची प्रियांका मोहितेही तिथे होती. अन्नपूर्णेवर पोहोचलेली ती पहिली भारतीय महिला. ही बातमी पुण्यात आली तेव्हा शहर प्राणवायूच्या खाटा शोधत होते. कोणाला आनंद साजरा करायची शुद्धच नव्हती. आठ हजार मीटरवरचा प्राणवायू आणि ससून रुग्णालयातला प्राणवायू यांच्या बातम्या एकाच दिवशी वाचायला मिळाल्या.

आणि मग त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मंदा. १९८९ आणि १९९१च्या अपयशांनंतर तिसरा प्रयत्न. सुमित मांदळे, विवेक शिवदे आणि पवन हाडोळे उत्तर धारेने मंदा-१च्या माथ्यावर पोहोचले. वर्तमानपत्रांनी या बातमीला अन्नपूर्णेच्या मानाने कमीच जागा दिली. ६,५१० हा आकडा अन्नपूर्णेच्या ८,०९१पेक्षा लहान आहे, एवढे गणित कोणालाही येते. ज्याला दोराला बांधून घ्यायची सवय आहे त्याचे गणित वेगळे असते. अन्नपूर्णेवर त्या दिवशी साठाहून अधिक माणसे पोहोचली होती. मंदाच्या धारेवर पुढे कोणी गेलेले नसते. दोर आपणच लावायचा, जागा आपणच निवडायची, परतायचे तर निर्णयही आपलाच. पहिल्या प्रयत्नाच्या वेळी ज्यांनी ती धार खालून बघितली त्यांचे केस आता पिकले आहेत. त्यांच्या अनुभवाची शिदोरी मधली तीस वर्षे संस्थेत टिकली, म्हणून नव्या मुलांना ती धार अनोळखी नव्हती. मला विचाराल तर ‘गिरिप्रेमी’च्या चार दशकांतली सर्वांत मोठी चढाई मंदाची. एव्हरेस्टवाल्यांनी रागावू नये.

संस्थेनेही तसाच विचार केला असावा. कारण २०२३मध्ये मोर्चा पुन्हा गंगोत्रीकडेच वळला, मेरूकडे (६,६६० मीटर). अष्टहजारींची यादी वाढवत नेणे सोपे होते. पैसेही त्यालाच लवकर मिळतात. कमी उंचीचे, जास्त अवघड, कमी प्रसिद्धीचे शिखर निवडणे हे वयात आलेल्या संस्थेचे लक्षण मानायला हवे.

मोहिमांखेरीज आणखी दोन कामांची दखल घ्यायला हवी. पहिले शिक्षणाचे. २०१५मध्ये ‘गार्डियन गिरिप्रेमी इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग’ सुरू झाली आणि पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाबरोबर गिर्यारोहणाचा पदविका अभ्यासक्रमही आला. आमच्या काळी गाठ शिकायची तर वरिष्ठाच्या मागे फिरावे लागे आणि तो चिडलेला असला तर गाठ राहून जाई. आता वर्ग आहे, परीक्षा आहे, प्रमाणपत्र आहे. प्रमाणपत्राने कोणी गिर्यारोहक होत नाही, हे शिकवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. पण शनिवार-रविवारी पैसे घेऊन शंभर-दीडशे माणसे किल्ल्यावर नेणाऱ्यांची जी लाट गेल्या काही वर्षांत आली आहे, तिच्यापुढे शिकलेला नेता कोण आणि न शिकलेला कोण हे ओळखायचे काही साधन हवेच. सरकारने ऑगस्ट २०२१मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले तेही याच गर्दीमुळे. पावसाळ्यातला रविवारचा लोहगड ज्यांनी बघितला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. भाजे फाट्यापासूनच गाड्या अडलेल्या असतात. २०२५मध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा गर्दी आता कमी होण्याची शक्यता नाही.

दुसरे काम बचावाचे. राज्यातल्या गिर्यारोहण संस्थांचा महासंघ आहे. झिरपे त्याचे अध्यक्षही राहिले. कड्यावर अडकलेला, घसरून पडलेला, वाट चुकलेला माणूस शोधायला रात्री-अपरात्री जे लोक जातात ते बहुतेक या संस्थांचेच स्वयंसेवक. लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’ हे आपल्या सर्वांत जवळचे उदाहरण. त्यांच्याही नोकऱ्या असतात, त्यांच्याही रजा संपतात. मोहिमेची रजा वर्षभर आधी मागता येते, बचावाची मागता येत नाही.

रावेतच्या मुलांसाठी काळ आता बराच बदलला आहे. सरावासाठी नागफणी गाठायची गरज उरली नाही. पिंपळे सौदागरला महापालिकेने उभारलेली कृत्रिम भिंत आहे, तिच्यावर संध्याकाळी सात-आठ वर्षांची पोरेही सरसर चढतात. द्रुतगती मार्गामुळे तिकोन्याचा पायथा तासाभरावर आला आहे. कारखान्यांतली तिसरी पाळी अजून आहे, गुरुवारची सुट्टीही आहे, पण आयटीवाल्यांची शनिवार-रविवार सुट्टी असल्याने गटात दोन पंथ पडले आहेत आणि मोहिमेची तारीख ठरवताना अजूनही भांडणे होतात. त्यातून ज्याला हिमालयात एकदा तरी जायचे असेल त्याने उत्तरकाशी किंवा मनालीच्या बेसिक कोर्सचा अर्ज फार आधी करावा. जागा लवकर भरतात. त्याआधी वर्षभर पळावे, पाठीवर वजन घेऊन घोरावडेश्वराच्या पायऱ्या चढाव्यात.

पुढच्या पानापासून आपल्या गटाच्या पवन मावळातल्या चढायांची नोंद तारीखवार दिली आहे. माथ्यापर्यंत न पोहोचलेल्या चढायाही तीत आहेत. कुठून परतलो, का परतलो आणि तिथून पुढची वाट कशी दिसत होती, हे ज्यांना आठवत होते त्यांच्याकडून लिहून घेतले आहे.